एक जूनची भावकी

आमच्या ऑफिसात एक जूनला केक पुरत नाही.

एरवी कुणाचा वाढदिवस आला की अर्ध्या किलोचा केक येतो, त्यावर त्याचं नाव असतं, आणि तो एकटाच सुरी घेऊन लाजत उभा असतो. एक जूनला मात्र गोडाउनचे निम्मे, अकाउंटचे दोघे, सगळे ड्रायव्हर आणि मी, असे आम्ही एकदमच जन्मलेलो असतो. केकवाला विचारतो, "नाव काय टाकू?" आम्ही म्हणतो, "काही टाकू नको बाबा, नुसतं फूल काढ." सुरीला इतके हात लागतात की केक कापला जात नाही, दाबला जातो.

आमच्या पिढीला खेड्यात जन्मतारीख नव्हतीच. आईला विचारलं तर "तू पोळ्याच्या आदल्या दिवशीचा, तांबडी गाय व्याली त्या सालचा" एवढी पक्की माहिती मिळायची. शाळेत घालताना गुरुजी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाती लागला की पोरगं सहा वर्षांचं, आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून जन्म एक जूनचा. माझे हात मुळातच जरा लांब. त्यामुळे मी इतरांच्या आधी सहा वर्षांचा झालो आणि आता निवृत्तही इतरांच्या आधीच होणार आहे. हाताचा दुसरा काही उपयोग मी आयुष्यात केलेला नाही, असं आमच्या घरी मत आहे.

हे सगळं मला माहीत होतं. माझा दादा एक जूनचा, मी एक जूनचा, आमचे चुलते, चुलत भाऊ, अख्खी भावकी एक जूनची. तरीही मी त्या बैठकीत जे बोललो ते बोललो.

जालन्याच्या एमआयडीसीत भाजीपाल्याचं बियाणं काढणाऱ्या एका कंपनीत मी नोकरीला आहे. कंपनी शेतकऱ्याला मिरचीच्या दोन वाणांचं मूळ बियाणं देते. एक नर, एक मादी. शेतकरी शेडनेटखाली दोन्ही वाढवतो, नराच्या फुलातला पराग मादीच्या फुलाला हाताने लावतो, आणि त्यातून जे संकरित बी तयार होतं ते कंपनी घेते. नराची रोपं आधी टाकायची, मादीची त्यानंतर आठवड्याने, म्हणजे दोघं बरोबरीने फुलावर येतात. नुसता नर किंवा नुसती मादी घेऊन कुणी बसलं तर त्याने मिरचीचा ठेचा करावा, दुसरं काही होणार नाही.

तर आमचे मालक पुण्याला कुठल्याशा परिषदेला गेले आणि तिथं त्यांना कुणीतरी सांगितलं की डेटा हेच आता तेल आहे. परत आल्यावर ते जो भेटेल त्याला विचारू लागले, "आपलं तेल किती आहे? शुद्ध आहे का?" महिनाभरात नवीन सिस्टीम आली, तिच्याबरोबर पुण्याहून एक मॅडम आल्या, आणि या प्रकल्पासाठी कंपनीतला एक जाणता माणूस हवा असं ठरलं. बाकी सगळ्या साहेबांना कामं होती. मग मला डेटा क्वालिटी प्रमुख करण्यात आलं.

घरी आल्यावर मी ही बातमी जरा आवाज बदलून सांगितली.

"म्हणजे नेमकं काय करायचं तुम्ही?" बायकोने विचारलं.

"कंपनीची सगळी माहिती स्वच्छ करायची. दुबार, चुकीचं, जुनं, सगळं काढून टाकायचं."

"आधी पलंगाखालचं काढा. दिवाळीपासून सांगून राह्यले मी."

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली. जाड कागद, एका बाजूला नाव-हुद्दा, दुसरी बाजू कोरी. गावी गेलो तेव्हा दादाला दिलं, भावकीत घरोघर एकेक वाटलं. आमचं गाव राजूरच्या अलीकडे, फाट्यावरून आत. तिथं कार्ड सगळ्यांनी उलटंपालटं करून पाहिलं आणि मागची बाजू कोरी आहे म्हणून जपून ठेवलं.

डेटा मात्र खरोखरच घाण होता. शेतकऱ्यांची माहिती वर्षानुवर्षं आमच्या सुपरवायझर लोकांनी भरलेली. ते गावातलेच किंवा शेजारच्या गावातले, त्यामुळे नावाच्या रकान्यात ते गावात हाक मारतात तेच लिहायचे. कुठं नुसतं 'आबा', कुठं 'पाटलाचा मधला', कुठं 'विहिरीवाले तात्या'. एकच माणूस एका हंगामात कागदावरच्या नावाने, दुसऱ्या हंगामात घरच्या नावाने, तिसऱ्यात बापाच्या नावाने. मॅडम दोन दिवस तो रकाना बघत बसल्या आणि मग म्हणाल्या, "सर, नावावर अवलंबून राहता येणार नाही. आपण बाकीच्या गोष्टी जुळवून दुबार शोधू."

बैठकीला मालक होते, सगळे साहेब होते, एसी चालू होता. मॅडमनी पडद्यावर चित्र लावलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "सर, तुम्ही फील्ड ओळखता. गाव तेच, आडनाव तेच, जन्माची तारीख आणि महिना तोच, आणि मोबाईल नंबरसुद्धा तोच. अशी दोन वेगळी माणसं असू शकतात का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. प्रश्न पुण्याच्या भाषेत विचारला गेला की माझ्या डोक्यातलं गाव आपोआप बंद होतं. शिवाय 'तुम्ही फील्ड ओळखता' हे वाक्य कुणी मला कधी म्हटलं नव्हतं. मी खुर्चीत मागे रेललो, चष्मा काढला आणि म्हणालो, "शक्यच नाही."

सिस्टीमने एका दुपारीत काम उरकलं. शेतकऱ्यांचा आकडा निम्म्याने खाली आला. मालक इतके खूश झाले की त्यांनी माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. "निम्मे लोक डबल होते! इतकी वर्षं आपण कुणाला बियाणं देत होतो?" असं ते भाषणात म्हणाले. या प्रश्नाचं उत्तर शोधावं असं कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही. नारळ घरी आणला, त्याची चटणी झाली.

इथं दादाबद्दल सांगायला पाहिजे. दादा माझ्याहून मोठा, शेती तोच बघतो. मी कंपनीत असूनही त्याने आजवर उघड्यावरच थोडंफार बीजोत्पादन केलं होतं. यंदा मीच त्याच्या मागे लागलो. "शेडनेट टाक, मी आहे ना कंपनीत, तुला काही कमी पडू देणार नाही." नाही-नाही म्हणता त्याने ऐकलं. घराजवळचं निम्मं रान त्यात घातलं, नेट उभं केलं, बेड पाडले, ठिबक अंथरलं. हा हंगाम हुकला असता तर ते सगळं हिरव्या कापडाखाली रिकामं पडून राहिलं असतं, आणि येणारा-जाणारा विचारत राहिला असता, भाऊ कंपनीत असून असं कसं?

आणि आबाबद्दल. आबा आमचा चुलत भाऊ, दादाच्याच वयाचा. दोघं एका ताटात जेवलेले. मग दोघांच्या बांधावरच्या कडुलिंबाच्या झाडावरून बिनसलं. दादाचं म्हणणं, लिंबाच्या सावलीनं माझं पीक खुरटतं, तोडा. आबाचं म्हणणं, सावली सकाळी माझ्याकडंच असते, मी काय बोललो का? झालं, बोलणं बंद. पुढं वावटळीत ते झाड मुळासकट आडवं झालं. सगळ्यांना वाटलं, मिटलं. पण झाड नसताना भांडण जास्त सोयीचं झालं. आता ते कुठंही नेता येत होतं.

दोघांची घरं मात्र पाठीला पाठ लावून. परसात न्हाणीशेजारी कमरेएवढी एक भिंत, अलीकडे आमची वहिनी, पलीकडे आबाची बायको.

जूनचा केक दाबून झाला, नराची पाकिटं रवाना झाली, आणि चार दिवसांनी दादाचा फोन आला.

"अरे, नर कुठाय माझा?"

मी डॅशबोर्ड उघडला. सगळं हिरवं. "पोचलाय दादा. इथं दिसतंय ना."

"तिथं दिसून काय करू? इथं न्हाई आला. समद्या भावकीचा गठ्ठा आबाच्या घरी आल्ता. जो तो जाऊन आपलं पाकीट घेऊन येऊन राह्यला."

"मग तूही आण ना."

दादा अगदी हळू म्हणाला, "डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"

तेव्हा कुठे मला ते चार रकाने दिसले. गाव तेच. आडनाव तेच. एक जून. आणि मोबाईल नंबर? फॉर्म भरले तेव्हा अख्ख्या भावकीत एकट्या आबाकडे मोबाईल होता आणि त्याच्याच माळवदावर रेंज यायची, म्हणून सगळ्यांनी त्याचा नंबर दिला होता. ते भांडणाच्या आधीचं. पुढं सगळ्यांनी फोन घेतले, दादानेही घेतला, फॉर्मवरचा नंबर तसाच राहिला. सिस्टीमने आमच्या भावकीतले सातही शेतकरी एकात कालवले होते, आणि त्या एकाचं नाव ठेवलं होतं आबाचं, कारण त्याची नोंद सगळ्यात जुनी.

मी गोडाउनला गेलो. तिथल्या इन्चार्जला म्हटलं, एक पाकीट नर दे. तो म्हणाला, "सिस्टीममध्ये या माणसाला सातपट गेलंय. आठवं कसं देऊ? तुमचंच परिपत्रक आहे साहेब." त्याने ते काढून दाखवलं. खाली माझी सही होती, तीही झोकदार.

मालकांकडे गेलो. ते म्हणाले, "पोचलं असं दिसतंय ना? मग पोचलं. आता जुन्या गोष्टी उकरून डेटा पुन्हा घाण करू नका."

मॅडम मात्र भल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही त्यांच्या नोंदीवर तक्रार टाका, मी टीमला सांगते." मी दादाच्या नोंदीवर तक्रार टाकली. टीमने ताबडतोब सुधारणा केली. सुधारणा अशी, की यापुढं सगळ्यात जुनी नोंद खरी न धरता सगळ्यात ताजी नोंद खरी धरायची. आणि भावकीतली सगळ्यात ताजी नोंद कोणती? ज्यावर मी नुकतीच तक्रार टाकली होती ती.

आठवड्याने मादीची पाकिटं निघाली. दादाचा पुन्हा फोन. या वेळी आवाजात लग्नघरचा उत्साह.

"अरे, खोकंच आलं की माझ्या घरी! समद्यांची मादी माझ्याकडं!"

"अरे देवा."

"देवाला कशाला? आता येऊ दे आबाला माझ्या दारात. येतो का बघतो."

"आणि तुझा नर?"

उत्साह खाली बसला. "नर न्हाई. नर न्हाई तर या मादीचं काय लोणचं घालू? वेळ निघून चालली. नेट तुझ्याच नादानं टाकलं मी."

म्हणजे स्थिती अशी. आबाकडे दादाचा नर, दादाकडे आबाची मादी, दोघांच्या मधे कमरेएवढी भिंत, आणि ही व्यवस्था मी स्वतः, शाल पांघरून, केलेली. मॅडमनी शेवटचा उपाय सांगितला. दोघं वेगळी माणसं आहेत हे सिद्ध करायचं असेल तर प्लॉटवर दोघांचा एकाच फोटोत फोटो हवा. त्याशिवाय नोंद फुटणार नाही.

"एकाच फोटोत?" मी विचारलं.

"हो सर. दोन वेगळे फोटो दिले तर सिस्टीम म्हणेल एकाचेच दोन फोटो."

रविवारी मी आणि बायको गावी गेलो. मी लॅपटॉप घेतला होता. "तो कशाला?" बायको म्हणाली. "असू दे," मी म्हणालो. हातात काही नसलं की मला दादासमोर उभं राहता येत नाही.

दादा ओसरीवर बसलेला. शेजारी खोकं. मी पाणी प्यायलो आणि सुरुवात केली. "दादा, दोन मिनिटं आबाकडे जाऊन..."

"मी त्याच्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई."

"बरं, मी जातो."

"तू कशाला? तू प्रमुख हायेस. बस इथंच."

बायको डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "भाऊजी, हे प्रमुख झाल्यापासून आमच्या घरातलं पण काही सापडत न्हाई." दादाला हसू आलं, ते त्याने मिशीत लपवलं. त्या फटीतून मी निसटलो आणि गल्लीला वळसा घालून आबाच्या दारात गेलो.

आबाने माझ्या हातातल्या लॅपटॉपकडे पाहिलं. "या साहेब. मला एकट्याला सात जणं केलं म्हणे तुमी. जेवायला पण सातांचं वाढा म्हणाव घरी."

"आबा, चूक झाली. तुम्ही फक्त दादाचं पाकीट द्या, मी नेतो."

"पाकीट न्हाई आता."

"न्हाई म्हणजे?"

"चला."

तो मला त्याच्या शेडनेटमध्ये घेऊन गेला. आत ट्रेमध्ये रोपं टाकलेली, नुकती दोन पानांवर आलेली. एका बाजूला त्याच्या ट्रेची रांग. दुसऱ्या बाजूला, मधे हातभर जागा सोडून, दुसरी रांग. तिच्या पहिल्या ट्रेमध्ये काडीला टोचून माझं व्हिजिटिंग कार्ड उभं केलेलं. कोऱ्या बाजूला बॉलपेननं लिहिलं होतं, 'दादा'.

"वेळेला टाकावं लागतं ना," आबा ट्रेकडे बघत म्हणाला. "त्यो काय घ्यायला येणार न्हवता. बी काय भांडण मिटायची वाट बघतं का?"

"मग सांगितलं का नाही?"

"कसं सांगणार? बोलत न्हाई आमी."

हे त्याने अगदी सरळपणे सांगितलं. मी उगाच लॅपटॉप या हातातून त्या हातात घेतला. आबाने एका ट्रेवरचा कचरा उचलला. "मेसेज आल्ता माझ्या फोनवर, त्याचा नर आला म्हणून. त्याचे समदे मेसेज माझ्याच फोनवर येतात. फवारणीचे, पावसाचे, मीटिंगचे. मी घरात मोठ्यानं वाचतो. हिला ऐकू गेलं की ती भिंतीवरून सांगते."

दादाकडे परतलो आणि सांगितलं. दादाने आधी खोकं जवळ ओढलं.

"कोण म्हणलं त्याला टाक म्हणून?"

"कोणी नाही."

"उगवण कशी हाय?"

"चांगली आहे. दाट आहे."

"पाणी जास्ती देत असंल. त्याला पाण्याचा अंदाज पयल्यापासून न्हाई." तो उठला, खोक्यात हात घातला. "त्याची मादी घेऊन जा. आपल्याकडं कुणाचं राहायला नको." शोधू लागला. पाकिटं उलथीपालथी केली, खोकं आडवं केलं. "एक कमी हाय. आबाचं न्हाई यात. घ्या! ही कंपनी!"

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाली, "ते कवाच गेलं."

"कुठं गेलं?"

"खोकं आलं त्याच दिवशी. तुमी हिरीवर गेल्ते. मी भिंतीवरून दिलं."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे पाहिलं. बायको आत वहिनीला चहात साखर किती, असं काहीतरी विचारायला लगबगीने निघून गेली, आणि आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला. कंपनी, मालक, मॅडम, टीम आणि मी, सगळ्यांनी मिळून जे अडवून ठेवलं होतं ते इथं केव्हाच पार पडलं होतं, फक्त घरातल्या पुरुषांना कळवायचं राहिलं होतं.

तरी फोटो हवाच होता, नाहीतर पुढच्या हंगामात पुन्हा खोकं कुणाकडे जाईल सांगता येत नव्हतं. मी दोघांना एकच निरोप सांगितला. दादाला म्हटलं, "तू आणि आबा एकच माणूस आहात असं कंपनी म्हणते." आबालाही हेच सांगितलं. दोघंही एकदम तयार झाले. वेगळं असल्याचा पुरावा द्यायचा म्हटल्यावर दोघं धुतलेल्या टोप्या घालून आले. आबाच्या नेटसमोर उभे राहिले, एक फोटोच्या या कडेला, एक त्या कडेला, मधे एक बैलगाडी जाईल एवढी जागा.

"जरा जवळ या," मी म्हणालो.

"येऊन राह्यलो ना फोटोत?" दादा म्हणाला. "मंग बराबर हाय."

"माझं पण येतंय," आबा म्हणाला. तो बोलला माझ्याशी, पण ऐकलं दादाने. दादाने मान न वळवता ट्रेकडे पाहिलं आणि म्हणाला, मला उद्देशूनच, "सांग त्याला, संध्याकाळी येईन ट्रे न्यायला. पाणी देऊ नको म्हणाव आज."

"सांग, बिलकुल देत न्हाई," आबा म्हणाला.

दोघांमधे मी उभा होतो, दोन्ही बाजूंना जे ऐकू गेलं होतं ते पुन्हा सांगत. एवढं काम मात्र मी चोख केलं.

सोमवारी मॅडमनी तो फोटो मोठा करून पाहिला. "सर, हे सख्खे भाऊ का?"

"चुलत."

"नाकं बघा ना. सिस्टीमला पुन्हा एकच वाटतील हो." पण त्यांनी नोंद फोडली. एकाचे सात झाले. इतर गावांची कामं पुढं महिनाभर चालली. आकडा हळूहळू पहिल्याएवढा झाला आणि मालकांनी सभेत सांगितलं की यंदा आपल्या शेतकऱ्यांची संख्या दुप्पट वाढली. या वेळी मॅडमचा सत्कार झाला.

दादाचं नेट भरलं. गणपतीत गेलो तेव्हा नर-मादी दोन्ही फुलावर होते आणि दादा-आबा अजून बोलत नव्हते, म्हणजे एकमेकांशी थेट नाही. भावकीतल्या बाकीच्यांनी आपापले नंबर दिले होते, एक लाल खूण तेवढी माझ्या डॅशबोर्डवर उरली होती, 'दोन शेतकरी, एकच मोबाईल'. ती काढायची म्हणून मी दादाला म्हटलं, "तुझा स्वतःचा नंबर देतोस का? टाकून देतो."

दादा वाकून नराची फुलं बघत होता. "राहू दे तोच."

"अरे पण तो आबाचा आहे."

"माहीत हाय मला. राहू दे."

मी लाल खुणेवर बोट ठेवलं, सिस्टीमने विचारलं, ही चूक दुरुस्त झाली का? खाली एक रकाना होता, त्यात कारण लिहायचं असतं. मी लिहिलं, 'तपासले. नंबर बरोबर आहे.'